जे काढल्यावर सुरू होतं

१

बाजारात त्याला सगळे टिचकीमास्तर म्हणत. बंद पडलेला कुठलाही कम्प्युटर समोर आला, की पेचकस हातात घेण्याआधी तो डब्याला एक टिचकी मारी आणि कान लावून ऐके. त्यातून त्याला काही कळत होतं अशातला भाग नाही. पण गिऱ्हाइकाला वाटे, माणूस जाणकार दिसतो, आणि तो गप्प बसे. मग मास्तर शांतपणे आपलं काम करी. त्याची पद्धत एकच होती आणि पंचवीस वर्षांत ती बदलली नव्हती. मशीनमधून एकेक भाग काढत जायचं आणि दर खेपेला बटण दाबून बघायचं. जे काढल्यावर मशीन सुरू होतं, तोच बिघाड. मग तो भाग कितीही नवाकोरा असो, तो परत लावायचा नाही.

त्या रविवारी सकाळी त्याने ही पद्धत वहिनीलाही सांगितली. तिने विचारलं म्हणून सांगितली. तिथेच आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

तो तिच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर त्याच्या थोरल्या भावाचं मशीन, एका बाजूचा पत्रा काढलेलं. आतल्या पंख्यावर धुळीची गोधडी चढली होती. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"भाऊजी, होईल ना सुरू?"

"न व्हायला काय झालं? म्हातारं झालंय, मेलेलं नाही."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. या घरात तो शब्द चार वर्षं कुणी काढला नव्हता.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी दादा याच मशीनपुढे काहीतरी लिहीत बसला होता. चष्म्याची काडी सैल झाली म्हणून तो उठला, खाली जाऊन बसवून आणतो म्हणाला, आणि मशीन तसंच चालू ठेवून बाहेर पडला. चष्मेवाल्याकडे तो पोचलाच नाही. इस्पितळं झाली, पोलीस झाले, ज्याने जो सांगितला तो पत्ता झाला. त्या संध्याकाळी इमारतीची वीज गेली तेव्हा मशीन बंद पडलं, ते पुन्हा उठलं नाही. वहिनीने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आता मुलगी अठरा वर्षांची झाली. दादा तिला ठकी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. ठकीने एके दिवशी जेवताना विचारलं, "बाबा काय लिहीत होते गं तेव्हा?" वहिनी ताटावरून उठली. तिने त्याच दिवशी दिराला फोन केला.

काम तसं सोपं वाटलं होतं. मास्तरने आधी हार्ड डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. ती कोरी निघाली. पुसलेली नव्हे, खराबही नव्हे. कारखान्यातून कालच बाहेर पडावी तशी कोरी. असं होत नसतं. तरी त्याने ती जागेवर बसवली, नवा पॉवर सप्लाय जोडला, रॅमच्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने घासून लख्ख केल्या, बोर्डावरचा बटणाएवढा सेल बदलला. बटण दाबलं. ढिम्म.

"कचरा खाली टाकून येते," वहिनी म्हणाली. ठकी बाहेरच्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक तोंडावर घेऊन झोपली होती. दाराचं लॅच लागलं, वहिनीच्या चपला जिन्यावरून उतरत गेल्या. मास्तरने काही न काढता, काही न लावता, नुसता चाळा म्हणून बटण दाबलं.

पंखा फिरला. आतून एक बारीक 'टीक' आली, तब्येत ठीक असल्याची. पडद्यावर कंपनीची खूण उमटली आणि थांबून राहिली. मास्तर एकटाच हसला. तो बघतच होता, तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली. पंख्याचा जोर ओसरला आणि पडदा काळा झाला.

२

मास्तर भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याचा विश्वास सैल जोडांवर होता. कुठे पाणी मुरतंय हे सापडलं नाही, म्हणजे आपण नीट बघितलं नाही, एवढंच. दाराच्या धक्क्याने आतली एखादी तार हलत असेल, असं धरून त्याने वहिनीला घरात बसवून ते दार वीस वेळा आपटलं. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली तेव्हा थांबला. भिंतीतल्या विजेला मीटर लावला. वीज एकसारखी येत होती, काटा जागचा हलत नव्हता. शेवटी त्याने डबा उचलून दुकानात नेला. तिथे सहा दिवस मशीनने डोळाही उघडला नाही.

पुढच्या रविवारी ते परत जागेवर आलं. मास्तरने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर रकाने पाडले आणि मायलेकींना जिन्यावर वरखाली पाठवायला सुरुवात केली. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. पण पुठ्ठा खोटं बोलेना. तिघं घरात, तर काही नाही. एकजण बाहेर, तर कंपनीची खूण. ती कोण बाहेर होती, आई की लेक, याने फरक पडत नव्हता. दोघी बाहेर गेल्या, की मशीन पुढे सरकून दादाच्या नावापर्यंत यायचं, आणि नावाखाली पासवर्डची रिकामी चौकट. चौकटीत कर्सरची काडी उघडमीट करत राहायची. मास्तरने दादाला सुचतील असे सगळे शब्द घालून पाहिले. मग दोघी वर आल्या आणि सगळं विझलं.

ठकीने पुठ्ठा वाचला. "काका, म्हणजे बिघाड आम्ही दोघी?"

ती हसली, मास्तरही हसला. वहिनी हसली नाही. ती पुठ्ठ्याकडे बघत होती.

"आणि तुम्हीही बाहेर गेलात तर?" ती म्हणाली.

३

तिसऱ्या रविवारी सकाळी अकराला तिघंही घराबाहेर पडली. मागच्या खोलीत मास्तरने स्टुलावर आपला मोबाइल उभा करून चित्रण सुरू ठेवलं होतं. दाराला कुलूप घातलं. खाली येऊन तिघं इमारतीच्या पायरीवर बसली. समोरून एक माणूस सायकल हातात धरून चालत गेला. तेव्हा कुठे मास्तरच्या लक्षात आलं, की मशीनचं बटण दाबायला वर कुणीच नाही.

"आपल्यासारखे शहाणे आपणच," तो म्हणाला. ठकी एवढी हसली की तिला ठसका लागला. आता बसलोच आहोत तर बसू म्हणून त्यांनी पाव तास काढला. वर चढतानाही ती काकाची नक्कल करत होती.

मोबाइल घेऊन मास्तर गॅलरीत निघाला होता. वहिनीने त्याची वाट अडवली. "इथेच बघा. माझ्यासमोर."

पहिली चार मिनिटं नुसती खोली. टेबलाची कड, दादाची रेक्झिनची खुर्ची, मॉनिटरची पाठ, मागची भिंत. मग टेबलाखालून 'टक' असा आवाज आला. बटणाचा. पंखा फिरला. भिंतीवर पडद्याचा फिकट उजेड पडला आणि एकदा, दोनदा, तीनदा रंग बदलून स्थिर झाला. ती खुर्ची जुनी होती, बसलं की तिच्या गादीतून हवा सुटायची. तिच्यातून हवा सुटली. गादी खाली गेली आणि खालीच राहिली.

मग टाइप केल्याचा आवाज. दादा दोन बोटांनी टाइप करायचा. टक, टक, थांबायचा, आणि शब्द संपला की अंगठ्याने लांब पट्टीवर दणका द्यायचा. शाळेत असताना मास्तर त्याला त्यावरून चिडवायचा. तो दणका त्याने हजार माणसांत ओळखला असता.

दहा मिनिटं तो आवाज चालला. मग जिन्यावर फार लांबून ठकीचं हसणं ऐकू आलं. टाइप करणं जागच्या जागी थांबलं. हसणं जवळ येत गेलं. कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी खोली गप्प झाली. गादी सावकाश वर आली, पंखा मंदावला, भिंत पुन्हा साधी भिंत झाली. त्यानंतर कुलपात किल्ली, आणि मास्तरचा स्वतःचा आवाज, "बघू या काय दिवे लावलेत ते."

ठकी भिंतीला टेकून खाली बसली. वहिनीने चित्रण पुन्हा लावलं, आणि पुन्हा.

"ते घरीच असतात," ती म्हणाली. "आपण नसलो की."

"वहिनी, खुर्चीतली हवा उन्हानेसुद्धा..."

"भाऊजी, तुम्हीच ना सांगितलंत? जे काढल्यावर सुरू होतं."

"ते मशीनचं आहे."

"ते परत लावायचं नाही. असंच ना?"

मास्तरने मान हलवली. दुकानातल्या सवयीने हलवली, कारण धंद्यात ते खरं होतं.

४

चार दिवसांनी ठकी बॅग घेऊन त्याच्या दोन खोल्यांत राहायला आली. परीक्षा होईपर्यंत काकाकडे राहा, असं आईने सांगितलं होतं. वहिनी फोन करायची ती इमारतीच्या खाली येऊन. घरात बोलायचं तिने सोडलं होतं.

"भाऊजी, आज पंखा फिरला. मी घरात असताना. तुम्ही एकटे होतात तेव्हा नाव तरी यायचं, मी एकटी असले की ढिम्म, घरभर माझंच सामान ना."

"काय केलंत?"

"काही नाही. माझे कपडे देऊन टाकले. नाहीतरी घालत कोण होतं एवढे."

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचे फोटो उतरवले, आणि 'टीक' ऐकू आली. मग कंगवा, दात घासायचा ब्रश, शिवणाचा डबा. मग दारावरच्या पाटीतलं आपलं नाव ब्लेडने खरवडलं. तेव्हा कंपनीची खूण आली. तिने स्वयंपाक बंद केला. चालताना टाच टेकवायची नाही असं ठरवलं. तासन्‌तास ती पुढच्या खोलीत कोपऱ्यात बसून राही आणि मनातसुद्धा काही येऊ देत नसे, असं तिने सांगितलं. ते सगळ्यात अवघड, पण जमेल म्हणाली.

मास्तर दोनदा जाऊन आला. घरात शिरताच त्याला वाटलं, घर सोडून गेलेल्या भाडेकरूंच्या खोल्या आपण बघतोय. वहिनी दिसायला अर्धी झाली होती आणि चार वर्षांत दिसली नव्हती इतकी आनंदी.

"बास झालं वहिनी. ठकीचा तरी विचार करा. आपण चांगला डॉक्टर बघू."

"चार वर्षं तुम्ही सगळे मला म्हणत होतात, सावर. आता सावरतेय तर तुम्हालाच भीती वाटायला लागली?"

"वाटतेय," मास्तर म्हणाला.

तिने पदराने डोळे टिपले. "तुम्हाला नाही का हो बघावंसं वाटत त्यांना?"

पेचकस त्याच्या खिशात होता. मागच्या खोलीत जाऊन बोर्डाचे दोन तुकडे करायला त्याला एक मिनिट लागलं नसतं. तो खोलीपर्यंत गेलाही. पण तिथे ती खुर्ची होती, आणि भावाची आठवण अशी अंगावर आली की तो दाराची चौकट धरून उभाच राहिला. तो दणका पुन्हा एकदा ऐकावा असं त्यालाही वाटत होतं. वहिनीला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो हात हलवत परत आला.

मंगळवारी सकाळी तो एका गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडून बसला होता, तेव्हा तिचा फोन आला.

"नाव दिसलं त्यांचं. चौकटपण आली. आता माझं म्हणून घरात काहीच उरलं नाही, भाऊजी. फक्त हा फोन."

"वहिनी, मी येतोय. तिथेच खाली थांबा."

पण फोन बंद झाला होता. त्याने परत लावला तेव्हा असा नंबरच अस्तित्वात नाही, असं एका बाईने गोड आवाजात सांगितलं.

५

दिवस चांगला वर आला होता. जिन्याच्या जाळीतून ऊन पायऱ्यांवर पडलं होतं, दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी गाद्या झोडत होतं. मास्तरने तिसऱ्या मजल्यावर श्वास घेतला आणि दाराला कान लावला. आत पंखा चालू होता. टाइप केल्याचा आवाज येत होता. आणि वहिनी हसत होती.

त्याच्याकडे एक किल्ली होती. नाजूक भाग हाताळण्यात आयुष्य गेलेलं. त्याने ती आवाज न करता फिरवली. पंखा थांबला नाही. चपला बाहेर काढून तो बोळातून चार पावलं आत गेला.

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वहिनी खुर्चीत पाठमोरी बसली होती. पडद्याचा उजेड तिच्या केसांच्या कडेवर पडला होता आणि ती पडद्यावरचं काहीतरी पुटपुटत वाचत होती. शब्द कळत नव्हते. खुर्चीच्या पाठीवर एक हात होता. बाकीचा माणूस दाराआड होता. शर्टाची बाही मनगटापर्यंत लावलेली, आणि घड्याळ दादाच्या सवयीप्रमाणे उजव्या हाताला.

मास्तरला हाक मारायची होती. त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. पायाखालची फरशी करकरली.

वाचणं थांबलं.

"अहो, थांबा जरा," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "घरात कुणीतरी आलंय."

ती वळली आणि तिने सरळ त्याच्याकडे बघितलं. तिला तो दिसत नव्हता. तो उभा होता तिथे ती नजर फिरवत होती, आणि तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. खुर्चीच्या पाठीवरचा हात तिच्या खांद्यावर आला आणि खांदा घट्ट धरला.

पडदा विझला. मास्तर धावत खोलीत शिरला. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीला गज होते. खुर्चीची गादी हळूहळू फुगत वर येत होती, आणि ती पूर्ण वर येईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.

६

पोलिसांनी वही काढली, चार वर्षांपूर्वीची वही शोधली, आणि मास्तरकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. पुढे काही झालं नाही. ठकीला त्याने खरं ते सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. तिने परीक्षा दिली नाही. ती दिवसभर त्याच्या दुकानात मागे बसून राही, आणि एका दुपारी म्हणाली, "मला ऐकायचंय."

"ऐकून काय करणार?"

"माझी आई आहे काका ती."

ती दोघं वर गेली. दारावरच्या पाटीवर दादाचं नाव होतं आणि त्याखाली खरवडलेला पांढरा पट्टा. मास्तरने तिला खुणेने गप्प राहायला सांगितलं. आत पंखा चालू होता. टक, टक, आणि मग तो दणका. मग वहिनीचं बोलणं, घरातल्या घरात बोलतात तसं, निवांत. कशाबद्दल ते ऐकू येत नव्हतं. ठकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिच्या हातात किल्ली होती.

"आत गेलो की नाहीशी होतात," तो कुजबुजला.

"आणि नाही गेलो तर?"

एवढी वर्षं मास्तरने लोकांच्या बंद मशीनमधून काय काय परत काढून दिलं होतं, लग्नांचे फोटो, मेलेल्यांची पत्रं. या पोरीला देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं, आणि याला कारण तोच होता.

ठकीने कपाळ दाराला टेकवलं. "आई," ती म्हणाली. "मी आहे गं. ठकी."

आतलं टाइप करणं थांबलं. पंखा थांबला. कुणीतरी टाच न टेकवता बोळातून दारापर्यंत आलं आणि पलीकडे उभं राहिलं. तिघांच्या मध्ये बोटभर लाकूड होतं.

"आई, उघड ना."

पलीकडून वहिनीचा आवाज आला, अगदी दाराजवळून. पण तो त्यांच्याशी बोलत नव्हता. घाबरलेल्या माणसाची समजूत काढावी तसा मऊ, खालचा आवाज.

"काही नाही हो. थोडा वेळ गप्प राहा. जातात ते, आपोआप जातात."

ठकीने बराच वेळ दारावरून कपाळ उचललं नाही. मग तिने किल्ली काकाच्या खिशात टाकली आणि जिना उतरायला लागली. ती दोघं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली नव्हती, तोच वर 'टक' असा आवाज झाला आणि पंखा सुरू झाला. ठकीने मागे वळून पाहिलं नाही. ती उतरत राहिली, फक्त पायऱ्यांवर टाच टेकवेनाशी झाली.